लहान आतड्याचा एमआरआय अर्धवट तयारीने करू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्या पेपरच्या आरोग्याच्या पानावर मध्यंतरी जुनाट पोटदुखीवर माहिती आली होती. चांगली होती, एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी, सोनोग्राफी, सीटी सगळ्याचा उल्लेख होता, पण मधल्या लहान आतड्याचं काय हा प्रश्न तसाच राहिला. मी मिरजेत एका खाजगी स्कॅन सेंटरवर एमआरआय टेक्निशियन आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय. लहान आतडं बघण्यासाठी एमआर एन्टेरोग्राफी नावाची तपासणी असते, तिच्याबद्दल पेशंटना आणि पाठवणाऱ्या काही डॉक्टरांनाही पुरेशी कल्पना नसते हे मला सारखं दिसतं म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, जागा कमी असेल तर बाकीचं कापा पण तयारीचा भाग तेवढा पूर्ण छापा ही विनंती.

आधी अडचण समजून घ्या. तोंडातून घालतात ती दुर्बीण अन्ननलिका, जठर आणि त्याच्या लगतचा ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचा भाग बघून परत येते. खालून घालतात ती दुर्बीण सगळं मोठं आतडं बघून फार तर लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात थोडीशी शिरते. या दोन्हींच्या मधे मोठ्या माणसात पाच-सहा मीटर आतडं वेटोळी घालून बसलेलं असतं आणि नेहमीच्या दुर्बिणी तिथे पोचत नाहीत. फुगा लावलेल्या खास दुर्बिणीने जाता येतं पण ती सोय मोठ्या शहरातल्या ठराविक हॉस्पिटलांतच, तीही गुंगी किंवा भूल देऊन आणि बराच वेळ घेऊन. मग होतं काय की पेशंट वरून खालून दोन्ही दुर्बिणी करून येतो, रिपोर्ट नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, आणि घरचे म्हणायला लागतात की हिला काही झालेलंच नाही, टेन्शन घेते, नाहीतर गॅसेस असतील. जत भागातली एक कॉलेजात जाणारी मुलगी आमच्याकडे आली होती तिचं असंच झालेलं, जेवलं की तासाभरात बेंबीभोवती कळ, वजन उतरत चाललेलं, हिमोग्लोबिन कमी, आणि बरोबर आलेली आई मला सारखी सांगत होती की मॅडम ही जेवायचाच कंटाळा करते. तिचं लहान आतडं मधेच दोन-तीन ठिकाणी सुजून आकसलेलं निघालं, दोन्ही दुर्बिणींच्या टप्प्याच्या बाहेर. चित्रं दाखवल्यावर ती आई किती वेळ गप्प बसली होती. पोरगी जेवत नव्हती कारण जेवलं की दुखत होतं, एवढी साधी गोष्ट कळायला घरच्यांना आणि डॉक्टरांना कित्येक महिने गेले.

पूर्वी यासाठी बेरियम असायचं. पांढरं दाट औषध प्यायचं आणि ते खाली सरकेल तसतसे एक्स-रे काढत बसायचं, कधी कधी अख्खी सकाळ जायची. त्यात आतड्याची आतली पोकळी दिसते, पण भिंत किती सुजलीय, भिंतीबाहेर पू साठलाय का, आजूबाजूच्या गाठी (लसिका ग्रंथी) कशा आहेत हे नीट कळत नाही. मग २००१ च्या सुमाराला गिळायचा कॅमेरा आला, तो आतून सुरेख फोटो काढतो, पण जिथे आतडं आकसलंय तिथे तो अडकून बसू शकतो आणि मग काढायला ऑपरेशनची वेळ येऊ शकते, म्हणून आकसल्याचा संशय असला तर आधी स्कॅन करून वाट मोकळी आहे ना हे बघतात. आणि ज्यांनी तो कॅमेरा गिळलाय त्यांनी तो बाहेर पडल्याची खात्री झाल्याशिवाय एमआरआयच्या खोलीत यायचं नाही, हे विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा.

सीटी एन्टेरोग्राफी चांगली आहे, काही सेकंदांत होते, चित्रं एकदम रेखीव येतात, तिला मी नावं ठेवणार नाही. पण सीटी एक्स-रेवर चालते आणि लहान आतड्याचे हे आजार एका स्कॅनमध्ये संपणारे नसतात. क्रोन्सचंच घ्या, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणि व्रण येत राहणारा आजार. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या डॉक्टरांनी त्याचं वर्णन छापलं, त्यावरून पुढे तो क्रोनच्या नावाने ओळखला जाऊ लागला. बहुतेकांना तो ऐन तारुण्यात गाठतो, मधे बरा वाटतो, परत उसळतो, आणि दर वेळी डॉक्टरांना बघावं लागतं की औषध लागू पडतंय का, सूज उतरली का, नवीन जागा धरली का. वीस वर्षांच्या पोराला अशी दर वेळी सीटी केली तर पुढच्या आयुष्यात रेडिएशनची बेरीज किती होईल याचा विचार करायलाच पाहिजे. म्हणून जगभरात अशा पेशंटसाठी, त्यातही लहान मुलं आणि तरुण असतील तर, एमआरआय किंवा आतड्याची सोनोग्राफी यांना पहिली पसंती देतात.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन भरपूर असतो, त्याच्या केंद्रकांना जबरदस्त चुंबकात ठेवायचं, रेडिओ लहरींचा धक्का द्यायचा आणि ते परत जागेवर येताना जो सिग्नल देतात त्यावरून चित्र बांधायचं, थोडक्यात एवढंच. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड या दोघांना यासाठी २००३ चं नोबेल मिळालं. मेंदू, मणका, गुडघा यांची चित्रं आधी जमली कारण ते भाग जागचे हलत नाहीत. आतडं मात्र सारखं हलतं, श्वासाबरोबर अख्खं पोट वर-खाली होतं आणि शिवाय आतडं स्वतः आवळतं, सैल पडतं, पुढे ढकलतं, जुन्या मशीनवर एका चित्राला काही मिनिटं लागायची तेवढ्यात सगळं पुसट होऊन जायचं. नव्वदच्या दशकात एका श्वासात चित्र काढायच्या वेगवान पद्धती आल्या तेव्हा कुठे आतड्याचा एमआरआय खऱ्या अर्थाने शक्य झाला.

पण मशीन वेगवान झालं म्हणून भागत नाही, आणि माझं मुख्य सांगणं इथेच आहे. उपाशीपोटी लहान आतडं हवा गेलेल्या सायकलच्या ट्यूबसारखं चपटं पडलेलं असतं, एक भिंत दुसरीला चिकटलेली. अशा अवस्थेत कितीही भारी मशीनवर फोटो काढा, चांगली भिंत जाड वाटते आणि आजारी भिंत चांगल्या वेटोळ्यांच्या गर्दीत लपून जाते. डॉक्टर सहसा ३ मिलिमीटरपेक्षा जाड भिंत म्हणजे संशय असं धरतात, पण ते फुगलेल्या आतड्यात. चपट्या आतड्यात हा हिशोबच लागत नाही. म्हणून तपासणीच्या आधी पेशंटला एक ते दीड लिटर द्रावण पाजावं लागतं, आणि ते एकदम ढोसायचं नाही, साधारण पाऊण ते एक तासात थोडं थोडं, ठराविक अंतराने एक एक ग्लास, म्हणजे ते वरपासून खालपर्यंत सगळ्या आतड्यात सारखं पसरतं.

लोक विचारतात साधं पाणी का नाही चालत. साधं पाणी वाटेतच शोषलं जातं, शेवटच्या भागापर्यंत पोचतच नाही, आणि नेमका तो शेवटचा भागच आपल्याकडे सगळ्यात जास्त आजारी असतो. म्हणून पाण्यात मॅनिटॉल किंवा पोट साफ करायला देतात ती पीईजीची पावडर मिसळतात, ती पाणी आतड्यात धरून ठेवते. काही ठिकाणी इसबगोलही वापरलेलं आहे. चवीला मॅनिटॉल गोडसर लागतं, थंड करून दिलं तर बरं पडतं, लहान मुलांना आम्ही आई-वडिलांच्या हाताने घोट घोट देतो. पिताना पोट गच्च होतं, मळमळतं, तरी सांगते की अर्धं पिऊन बाटली कोपऱ्यात ठेवू नका, कारण शेवटचे जे दोन ग्लास नकोसे होतात त्यांनीच आतडं फुगतं.

पूर्वी, आणि अजूनही क्वचित, नाकातून नळी घालून ती लहान आतड्यात नेऊन तिच्यातून द्रावण सोडायचे, त्याला एन्टेरोक्लिसिस म्हणतात. आतडं जास्त चांगलं फुगतं हे खरं, पण पेशंटला फार त्रास, आणि नळी जागेवर बसवायला परत एक्स-रे आलेच. प्यायच्या पद्धतीने बहुतेकांचं काम होतं म्हणून तीच रूढ झाली.

दुसरी गोष्ट इंजेक्शनची. आतड्याची हालचाल थोडा वेळ थांबावी म्हणून हायोसिन देतात, आपल्याकडे ब्युस्कोपान नावानेच लोक ओळखतात, त्याचा असर थोडाच वेळ टिकतो म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन वेळा विभागून देतात. काचबिंदूचा ठराविक प्रकार, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, प्रोस्टेटमुळे लघवी अडकणं, असं काही असेल तर आधी सांगायचं. आणि इंजेक्शननंतर काही वेळ डोळ्यांना अंधुक दिसू शकतं, त्यामुळे एकट्याने बाइकवर येऊ नका, कुणाला तरी बरोबर आणा. नंतर शिरेतून गॅडोलिनियमचं औषध जातं, ते भिंतीत कसं आणि किती भरतं त्यावरून सूज ताजी आहे का जुनी हे समजायला मदत होते. किडनीचा आजार असेल तर ते देताना विचार करावा लागतो म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात, आणि बाई गरोदर असेल तर ते शक्यतो देतच नाहीत. हे सगळं आम्ही फॉर्मवर विचारतो, पण लोक घाईत न वाचता सही करतात, कृपया वाचा, वाचता येत नसेल तर आम्हाला वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

श्वास धरायचा सराव आत जायच्या आधीच करून घ्यावा लागतो. एका वेळी पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायचा, मशीन खडखडतं, मग सोडायचा, असं बऱ्याच वेळा. आमच्याकडे अथणी, रायबाग, चिकोडी बाजूचे पेशंट पुष्कळ येतात, त्यांना मी कन्नडमध्ये उसिरु हिडीरी, उसिरु बिडरी असं सांगते, नाहीतर माणूस आत घाबरून नुसता पडून राहतो आणि श्वास चालूच. जमेल त्याला पालथं झोपवतो, त्याने पोट दाबलं जाऊन श्वासाची हालचाल कमी होते. ज्यांच्या पोटावर शौचाची पिशवी लावलीय किंवा फार दुखतंय त्यांना उताणंच ठेवायचं. बंद जागेची भीती असेल तर पाय आधी आत घालून घेता येतं का विचारा, बऱ्याचदा येतं.

आता नंतरचं, जे कुणीच सांगत नाही. मॅनिटॉल प्यायल्यावर जुलाब होतात, थोडे नाही, चांगलेच होऊ शकतात, काही तासांत थांबतात, पण तोपर्यंत संडास जवळ पाहिजे. माणसं लांबच्या गावाहून एसटीने येतात, स्कॅन संपला की लगेच स्टँडवर जाऊन गाडी धरतात आणि वाटेत त्यांचे जे हाल होतात ते पुढच्या वेळी आल्यावर सांगतात. एक म्हातारे आजोबा तर परत ही तपासणी करायचीच नाही म्हणून औषधसुद्धा सोडून बसले होते. एवढंच आधी सांगितलं असतं की दोन तास इथेच थांबा, पाणी पीत राहा, मग निघा, तर त्या माणसावर ती वेळ आली नसती. म्हणून प्रत्येक सेंटरने पेशंटला अपॉइंटमेंट देतानाच हे सांगितलं पाहिजे, मराठीत आणि सीमेवर कन्नडमध्येही, आणि नुसतं उपाशी या एवढं बोलून फोन ठेवायचा नाही.

प्रत्यक्षात काय चालतं तेही सांगते. चिठ्ठीवर नुसतं एमआरआय ॲबडोमेन असं लिहून येतं, कशासाठी ते लिहिलेलं नसतं. मग तो लिव्हर-किडनीसारखा साधा पोटाचा एमआरआय होतो, द्रावण नाही, इंजेक्शन नाही, आणि रिपोर्टात लहान आतडं ठीक दिसतंय असं एक वाक्य येतं. त्या वाक्याला काही अर्थ नसतो पण पेशंट आणि त्याचे डॉक्टर ते धरून बसतात. दुसरं असं की मणक्याचा एमआरआय वीसेक मिनिटांत उरकतो, एन्टेरोग्राफीला मशीनवरच अर्धा-पाऊण तास आणि आधी प्यायचा तास वेगळा, त्यामुळे गर्दीच्या दिवशी सेंटरला ती नकोशी असते, आणि मग पिण्याचा वेळ कापला जातो, दोन ग्लास पाजले की घ्या आत. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथल्या बऱ्याच जणांनी हे बघितलेलं आहे. अशा स्कॅनचे पूर्ण पैसे घेणं मला पटत नाही आणि मी ते कामाच्या ठिकाणीही बोलते.

नीट केलेला स्कॅन काय दाखवतो ते एकदा बघितलं की एवढा आग्रह का ते कळतं. कुठला भाग किती लांब आजारी आहे, एकच आहे की मधे चांगलं आतडं सोडून पुढे परत आहे, भिंतीत पाणी धरलंय का, व्रण आहेत का, आतडं आकसून त्याच्या मागचा भाग फुगलाय का, एका वेटोळ्यातून दुसऱ्यात किंवा मूत्राशयात बोगदा तयार झालाय का, पू साठलाय का. आतड्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या फुगून कंगव्याच्या दातांसारख्या रांगेत दिसतात, रिपोर्टात त्याला कोम्ब साइन म्हणतात, ताज्या सुजेची ती खूण. आतडं हलताना दिसावं म्हणून सिनेमासारखी चित्रंही घेतात, त्यात सुजलेला भाग लाकडासारखा स्तब्ध आणि बाजूचा चांगला भाग लाटेसारखा हलताना दिसतो. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये या सगळ्याचं मोजमाप बसवून मारिया नावाचा स्कोअर काढला, भिंतीची जाडी, औषध किती भरतं, पाणी, व्रण यावरून आकडा काढायचा, म्हणजे सहा महिन्यांनी परत स्कॅन केला की बरं वाटतंय का या प्रश्नाला मोजून उत्तर मिळतं. ओठांवर काळपट ठिपके आणि आतड्यात पॉलिप होतात असा एक घराण्यात चालत येणारा आजार आहे, प्यूट्झ-जेगर्स, त्यांच्या पॉलिपवर नजर ठेवायलाही ही तपासणी चालते.

आपल्याकडे मात्र सगळ्यात मोठा प्रश्न क्रोन्स का टीबी हा आहे. टीबी म्हटलं की लोकांना फुप्फुस आठवतं, पण आतड्याचाही टीबी होतो, आणि तो बहुतेकदा लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच बसतो, क्रोन्सही तिथेच बसतो. लक्षणंही तीच, पोटदुखी, ताप, वजन कमी, जुलाब. छातीचा एक्स-रे साफ असला तरी आतड्याचा टीबी असू शकतो. आतड्याचा तुकडा काढून तपासला, सीबीनॅट म्हणजे टीबीचे जंतू शोधायची तपासणी केली, तरी टीबी असूनही पुष्कळदा निगेटिव्ह येतं कारण जंतू थोडेच असतात. मग डॉक्टर टीबीची औषधं सुरू करून बघतात, दोन-तीन महिन्यांनी परत कोलोनोस्कोपी करून व्रण भरले का हे पाहतात, भरले तर टीबी धरून कोर्स पूर्ण करायचा. यात डॉक्टरांची चूक नाही, कारण उलटं केलं आणि टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर टीबी शरीरभर उसळू शकतो. पण क्रोन्स असताना टीबीची औषधं महिनोन्‌महिने चालू राहिली तर तेवढ्या काळात आतडं आकसत जातं आणि काहींवर शेवटी ऑपरेशनची वेळ येते. दोन्हीकडे नुकसान पेशंटचंच.

इथे चांगली एन्टेरोग्राफी हातभार लावते. आजूबाजूच्या गाठी मधोमध मेलेल्या दिसल्या, पोटात पाणी असलं, आजार एका तोकड्या भागात असला तर टीबीकडे कल जातो. लांबलचक भाग, मधे मधे सोडून अनेक ठिकाणी, भिंतीच्या एकाच बाजूला जास्त, रक्तवाहिन्या फुगलेल्या, बोगदे, असं असलं तर क्रोन्सकडे. नुसत्या स्कॅनवर कोणी निकाल देत नाही आणि देऊ नये, तुकड्याचा रिपोर्ट, रक्त, विष्ठेची कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी) तपासणी, सगळं एकत्र ठेवूनच ठरतं. पण सुरुवातीलाच एक नीट स्कॅन काढून ठेवला तर दोन-तीन महिन्यांनी तुलना करायला काहीतरी हातात असतं. पहिला स्कॅनच अर्धवट असला तर तुलना कशाशी करणार? म्हणून पेशंटना सांगते, फिल्म ठेवा पण सीडीही मागून घ्या आणि पुढच्या वेळी बरोबर आणा, घरात कुठेतरी टाकून देऊ नका.

हेही सांगायला पाहिजे की एमआरआय प्रत्येक वेळी लागतो असं नाही. आतडं फुटल्याचा किंवा एकदम बंद झाल्याचा संशय असेल, पेशंट कण्हत असेल, तर सीटीच बरी, तिथे द्रावण पाजत बसायला वेळ नसतो. शिकलेल्या हाताने केलेली आतड्याची सोनोग्राफीही खूप काही सांगते, स्वस्त आहे, परत परत करता येते. इंग्लंडमध्ये यावर मेट्रिक नावाचा अभ्यास झाला, ८ हॉस्पिटलं, २८४ पेशंट, २०१८ मध्ये छापला गेला, त्यात लहान आतड्यातला क्रोन्स कुठवर पसरलाय हे एमआरआयने ८० टक्के वेळा बरोबर पकडलं आणि सोनोग्राफीने ७० टक्के. आजार आहे की नाही एवढंच बघायचं तर फरक अजून कमी, ९७ आणि ९२. म्हणजे सोनोग्राफी अजिबात टाकाऊ नाही, पण आपल्या तालुक्याच्या ठिकाणी आतड्याची सोनोग्राफी शिकलेले डॉक्टर किती मिळतात हा प्रश्न आहेच, आणि ते शिक्षणही वाढलं पाहिजे असं माझं मत आहे.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगते कारण त्यावर जीव जाऊ शकतो. १.५ टेस्लाचं मशीन पृथ्वीच्या चुंबकापेक्षा साधारण ३०,००० पट ताकदीचं असतं आणि ते चोवीस तास चालूच असतं, रात्री, सुट्टीला, स्कॅन चालू नसतानाही, लाइट गेली तरी. २०१८ मध्ये मुंबईत पेशंटबरोबर आलेला एक नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि चुंबकाने ओढला जाऊन त्याचा जीव गेला, तेव्हा सगळ्या पेपरांत ती बातमी आली होती. तरी आजही लोक सेफ्टी पिन, हेअरपिन, जोडवी, मोबाइल, किल्ल्या घेऊन दारापर्यंत येतात आणि काढायला सांगितलं की रागावतात. मंगळसूत्र काढायला नको म्हणणाऱ्या मावशींना मी हात जोडून समजावते, ते त्यांच्या घरच्या माणसाच्या हातातच देते. पेसमेकर, कानातलं यंत्र, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, विशेषतः वेल्डिंग-ग्राइंडिंगवाल्यांनी, हे न लपवता सांगा. आम्ही उगीच अडवत नाही.

शेवटी पैशांचं, कारण सगळं तिथे येऊन अडतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत पेशंट ॲडमिट असेल आणि ऑपरेशन किंवा उपचार पॅकेजमध्ये बसत असतील तर त्यातल्या तपासण्या धरल्या जातात, पण ओपीडीत नुसती ही तपासणी करायची म्हटलं की खिशातूनच. खाजगी मेडिक्लेमवाले नुसत्या तपासणीसाठी ॲडमिशन चालत नाही म्हणून नाकारतात. मग लोक काय करतात, एकतर करतच नाहीत, किंवा स्वस्तातला साधा ॲबडोमेनचा एमआरआय करून घेतात, ज्याचा लहान आतड्यासाठी उपयोग नाही. सरकार टीबीची औषधं फुकट देतं, टीबी पेशंटच्या खाण्यापिण्यासाठीच्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपयेही मिळतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण हा आतड्याचा टीबी आहे का क्रोन्स हे ठरवण्यात मदत करणाऱ्या तपासणीला पैसे नसावेत हे बरोबर नाही. आतड्याच्या टीबीचा किंवा क्रोन्सचा संशय आहे असं तज्ज्ञाने लिहून दिलं तर एन्टेरोग्राफी ओपीडीतही योजनेत बसावी, आणि विमा कंपन्यांनी डे केअर, म्हणजे रात्र न राहता होणारा उपचार, म्हणून ती मान्य करावी, अशी मागणी तुमच्या पेपरने लावून धरावी.

आणि ज्या सरकारी मेडिकल कॉलेजांत एमआरआय मशीन आहे तिथे यासाठी वेगळी खरेदी करायची फारशी गरजच नाही. मशीन तेच, पोटावर ठेवायची सिग्नल पकडणारी कॉइल तीच, मॅनिटॉलच्या बाटल्या आणि ब्युस्कोपान सरकारी औषध भांडारात असतातच. लागतं ते एवढंच की आठवड्यातून एखादी सकाळ फक्त एन्टेरोग्राफीसाठी राखून ठेवायची, पेशंटना पाजायला एक नर्स, जवळ दोन स्वच्छ संडास, आणि रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांना आणि आम्हा टेक्निशियनना या तपासणीचं नीट प्रशिक्षण. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एमआर एन्टेरोग्राफी असं स्पष्ट लिहावं, खाली एका ओळीत संशय काय आहे, आधी ऑपरेशन झालंय का, टीबीची औषधं कधी सुरू केली ते लिहावं. सांगली-कोल्हापूर भागातल्या डॉक्टरांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर चिठ्ठीचा एक छापील नमुना लवकर तयार होऊ शकतो. तयारीचं पत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून द्यायला मी तयार आहे, तुमच्या कार्यालयामार्फत कुणी संपर्क केला तर आनंदाने देईन.

आपली नम्र,
एक एमआरआय टेक्निशियन, मिरज